खाचेतलं पाणी

रोज सहाला मी दोन आकडे लिहितो.
डाव्या ओढ्याचा एक, उजव्याचा एक.
पत्र्यात कोयत्याने मारल्यासारखी त्रिकोणी खाच,
खाचेतून पडणारं पाणी, शेजारी पट्टी.
पगार पाणी-समिती देते,
कधी पैशात, कधी बटाट्यात.

डावा ओढा गवतातून येतो.
पारामो म्हणतो आम्ही त्याला :
कुएंकाच्या वर, जिथे गाढवंही धापा टाकतात,
तिथलं पिवळं, राठ, कायम भिजलेलं गवत.
खालची माती काळी. हात घातला की कोपरापर्यंत जातो,
मूठ दाबली की धार निघते.
ढग येतो, गवताला अंग पुसतो, निघून जातो.
उरलेलं सगळं मुरतं.
मुरवणं हेच आमच्या डोंगराचं काम.
ऑगस्टात आभाळ कोरडं असतं
तेव्हाही डावी खाच बोलत असते,
हळू, पण बोलत असते.

उजवा ओढा पाइनमधून येतो.

ती पाइन मी लावली.
मी आणि देल्फिनाने.
सत्त्याण्णव साली जीपमधून माणसं आली, सगळ्यांच्या टोप्या सारख्या.
म्हणाली, झाडं लावा, झाडं पाणी आणतात.
झाडाला कोण नाही म्हणतं?
रोपामागे पैसे होते.
देल्फिनाला सातवा महिना.
शालीत बांधून पाठीवर चाळीस रोपं,
पोटात मार्सिया,
आणि खड्डे करत पुढे मी.

मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा झाडं छपराच्या वर गेली होती
आणि उजव्या खाचेतलं पाणी
चार बोटं खाली.

वही समितीपुढे ठेवली.
उजव्या पाटाचे लोक त्या दिवसापासून मला पाण्यात पाहू लागले,
जणू मीच प्यालो होतो.
आबेलार्दो झुन्यो उठून म्हणाला,
"पट्टी वाकडी असेल, एलिसेओ."
पट्टी मी ओळंबा लावून तपासली.
सरळ होती.
मग पाइनखाली गेलो, गुडघ्यांवर बसलो,
सुयांचा थर बाजूला केला आणि हात घातला.
बोटांची दोन पेरं. बस.
कोरडी भुकटी. ओंजळभर पाणी ओतलं
तर थेंब गोळ्या होऊन घरंगळत गेले.
माती भिजायचं विसरली होती.

ही गोष्ट वहीत कुठल्या रकान्यात लिहायची?

पुढे आबेलार्दोनेच घाई केली.
आपल्या वाट्याचा उतार आठवड्यात साफ केला,
ओंडके विकले, नवा पत्रा घातला घरावर.
मार्चमध्ये एका रात्री
उजव्या खाचेवरून पाणी उसळून गेलं.
आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा मी त्या पहाटे लिहिला,
आणि पुढे लिहिलं : तपकिरी.
गुरांनीही तोंड लावलं नाही.

मार्सिया तोवर शहरातून शिकून आली होती.
तिने कुणाला शहाणपण शिकवलं नाही. करवत आणली.
एक पट्टा कापायचा, एक ठेवायचा,
फांद्या उतारावर आडव्या टाकायच्या,
दोन वर्षं थांबायचं.
घळीतल्या यागुआलना हात लावायचा नाही :
कागदासारख्या लाल सालीची वेडीवाकडी झाडं ती,
कुणी न लावलेली,
त्यांच्या शेवाळातून ढग ठिबकत राहतो.
"सगळी झाडं सारखी नसतात, बाबा."
एवढंच बोलली.
मी म्हणालो, हो, पैसे देताना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

आज डावा एकसष्ट. उजवा अडतीस.
गेल्या ऑगस्टात तेहतीस होता.
कापलेल्या पट्ट्यात गवताचे झुबके आलेत, विरळ,
म्हाताऱ्याच्या दाढीसारखे.
हात अजून मनगटापर्यंतच जातो.

घरी आलो की देल्फिना चुलीपाशून विचारते, "किती?"
सांगतो.
ती मान हलवते, बटाटे सोलत राहते.
एक पाइन तिने कापू दिलेली नाही,
वळणावरची, पाठ टेकून ती जिथे दमून बसली होती.
ते एकटं झाड किती पितं
हे मोजायला
माझ्याकडे खाच नाही.